संकल्प तडीस नेणारे माधवराव सप्रे

दरवर्षी गणपती जवळ आले की समितीची मंडळी स्मरणिकेसाठी लेख मागतात आणि दरवर्षी मी बघतो, लिहितो असे म्हणून वेळ मारून नेतो. यंदा मात्र लिहायचेच असे ठरवले आणि विषयही त्याला साजेसाच घेतला : मनाशी काही ठरवणे आणि ठरवलेले तडीस नेणे. मी लेखक नव्हे. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन रेल्वेत लागलेला, रूळ, स्लीपर आणि गिट्टी यांच्या संगतीत वीस वर्षे काढलेला माणूस. तेव्हा भाषेत काही कमीजास्त झाले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

कटनी-बीना मार्गावर दमोह सोडले की पुढे पथरिया नावाचे स्टेशन लागते. आपल्याच जबलपूर विभागात येते. कामासाठी मी तिथे कितीतरी वेळा उतरलो आहे, चहा पिऊन परत गाडीत बसलो आहे. पण याच पथरियात 19 जून 1871 रोजी एका मराठी कुटुंबात माधवराव सप्रे जन्मले, हे मला कळायला 2021 साल उजाडावे लागले. त्या वर्षी त्यांच्या जन्माला 150 वर्षे झाली, म्हणून त्यांच्याविषयी बरेच छापून आले. तेव्हा वाचू लागलो आणि वाचतच गेलो.

माधवरावांचे बालपण आपल्या मुलांसारखेच गेले. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकले की हिंदी. कुटुंब बिलासपूरला गेले, पुढचे शिक्षण रायपूरला झाले. तिथे नंदलाल दुबे नावाच्या शिक्षकांनी त्यांना हिंदीची गोडी लावली. यथावकाश कलकत्ता विद्यापीठाची बी.ए. पदवी मिळाली. त्या काळी बी.ए. झालेल्या माणसाला सरकारी खुर्ची सहज मिळत असे. माधवरावांनी त्या वाटेने जायचे नाही असे ठरवले. ते पेंड्रा येथे राजकुमाराचे शिक्षक झाले आणि पगारातून पैसे बाजूला टाकू लागले. मनात एकच गोष्ट होती : आपण ज्या मुलुखात वाढलो, तिथल्या लोकांसाठी त्यांच्या भाषेत एक चांगले मासिक काढायचे.

जानेवारी 1900 मध्ये 'छत्तीसगढ मित्र' निघाले. रामराव चिंचोळकर आणि वामन बळीराम लाखे हे त्यांचे साथीदार. तिन्ही नावे मराठी आणि काम हिंदीचे! पुस्तकांची सडेतोड परीक्षणे हे या मासिकाचे वैशिष्ट्य होते. 1901 मध्ये माधवरावांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा त्यातच आली. हिंदीतल्या अगदी पहिल्या कथांमध्ये आज तिचे नाव घेतात. पण कौतुकावर छापखान्याचे बिल भागत नाही. तोटा वाढत गेला आणि तीन वर्षे पुरी करून डिसेंबर 1902 मध्ये मासिक बंद पडले.

दुसरा कोणी असता तर हौस फिटली म्हणून नोकरीला लागला असता. माधवरावांनी उद्देश तोच ठेवला, साधन बदलले. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेचा वैज्ञानिक शब्दकोश तयार होत होता, त्यात अर्थशास्त्राच्या शब्दांचे काम त्यांनी केले. 1906 मध्ये नागपूरहून 'हिंदी ग्रंथमाला' सुरू केली. 13 एप्रिल 1907 रोजी 'हिंदी केसरी' हे साप्ताहिक काढले. लोकमान्यांचा केसरी मराठीत जे काम करत होता, तेच हिंदी वाचकांपर्यंत नेण्याचा त्यांचा निश्चय होता.

आता मी त्या भागाकडे येतो, ज्यासाठी हा लेख लिहितो आहे. जुलै 1908 मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. ऑगस्टमध्ये माधवरावांनाही राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले. टिळक मंडालेला गेले. माधवराव मात्र काही महिन्यांतच बाहेर आले, कारण घरच्यांचा फार मोठा दबाव आला आणि त्यांनी माफीनाम्यावर सही केली.

चरित्रे लिहिताना पुष्कळ जण ही ओळ घाईने ओलांडतात. मला ती ओलांडता आली नाही. ज्या माणसाने रोज दुसऱ्यांना निर्भय होण्यास सांगितले, त्याचाच पाय ऐन वेळी घसरला आणि तो सगळ्यांच्या देखत घसरला. लोकांची बोलणी खावी लागली ती वेगळीच. स्वतःच्या मनाला तोंड दाखवणे त्याहून कठीण झाले असेल.

त्यांनी कुठेही स्वतःची बाजू मांडत बसण्यात वेळ घालवला नाही. वर्ध्याजवळ हनुमानगढी येथे श्रीधर विष्णू परांजपे या रामदासी साधूंकडे ते जाऊन राहिले. मधुकरी मागून जेवायचे आणि दासबोध वाचायचा, असा क्रम सुरू झाला. दासबोधाची पारायणे करता करता तो हिंदीत आणण्याचे काम त्यांनी हाती घेतले. सभा नाही, अग्रलेख नाही. रोज काही ओव्या, रोज काही पाने. असे करत सबंध दासबोध हिंदीत आला.

आमच्या खात्यात एक पद्धत आहे. रुळाखालची गिट्टी काढून, चाळून पुन्हा भरली की त्या जागेवरून लगेच गाडी पूर्ण वेगाने सोडत नाहीत. आधी ताशी 20 किलोमीटर. मग पॅकिंग होते, गाड्यांच्या वजनाने गिट्टी बसते, आणि वेग 45 करतात, नंतर 75, आणि शेवटी पूर्ववत. लाईन तीच, स्टेशनेही तीच, फक्त काही दिवस गाडी हळू चालते. ड्रायव्हरच्या हातात तेवढ्या तुकड्यासाठी कॉशन ऑर्डर असते. माधवरावांची पुढची वर्षे वाचताना मला हीच कॉशन ऑर्डर आठवत राहिली.

आधी दासबोध. मग रायपूरला मुलींसाठी जानकीदेवी महिला पाठशाळा. 1914 मध्ये टिळक सुटून आले, 1915 मध्ये त्यांचे 'गीतारहस्य' प्रसिद्ध झाले, आणि तो प्रचंड ग्रंथ हिंदीत नेण्याचे काम माधवरावांनीच केले. ज्या खटल्यांच्या वर्षी स्वतःचा पाय डगमगला, त्याच वर्षी तुरुंगात गेलेल्या माणसाचे पुस्तक त्यांनी घरोघर पोचवले. याहून चांगले प्रायश्चित्त मला तरी सुचत नाही. पुढे चिंतामणराव वैद्यांचा महाभारतावरील ग्रंथही त्यांनी 'महाभारत मीमांसा' या नावाने हिंदीत आणला.

आणि मग वेग पूर्ववत झाला तो आपल्या जबलपुरात. 17 जानेवारी 1920 रोजी इथून 'कर्मवीर' साप्ताहिक सुरू झाले. त्यामागची मुख्य धडपड माधवरावांची होती, पण संपादक म्हणून त्यांनी माखनलाल चतुर्वेदी यांना पुढे केले. वीस वर्षांपूर्वी पेंड्र्यात ठरवलेली गोष्ट अशी पुन्हा उभी राहिली. 1924 मध्ये डेहराडून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या मराठी माणसाला मिळाले. 23 एप्रिल 1926 रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा वय होते अवघे 54. भोपाळला 1984 पासून त्यांच्या नावाने जुन्या वर्तमानपत्रांचे संग्रहालय आहे. कधी गेलात तर जरूर पाहावे.

थोडे स्वतःविषयी सांगून आटोपतो. काही वर्षांपूर्वी मी अधिकारी पदासाठीच्या विभागीय परीक्षेला बसलो होतो. बसण्याआधीच ऑफिसात, घरी, अगदी आपल्या मांडवातसुद्धा सगळ्यांना सांगून मोकळा झालो होतो. नापास झालो. दुसऱ्यांदा बसलो, पुन्हा तेच. दोष कोणाचा नव्हता, अभ्यास कमी पडला होता. त्यानंतर पुस्तके माळ्यावर टाकली आणि कोणी विचारले की आता वय झाले असे हसून सांगू लागलो. त्या वर्षीच्या आरतीलाही मी मागेच उभा राहत असे, ते याच कारणाने.

माधवरावांविषयी वाचल्यानंतर एका रविवारी ती पुस्तके खाली काढली. आता पहाटे एक तास, त्याहून जास्त नाही. ब्लॉक असला, रात्रपाळी असली तर तो दिवस सुटतो, पण दुसऱ्या दिवशी सुटत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करतो. मुलगी ती खूण तपासते आणि राहिली असेल तर जेवताना सर्वांसमोर विचारते, त्यामुळे सवलत मिळत नाही.

परीक्षेचा निकाल काय लागेल, मला माहीत नाही. वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या माळ्यावर असे काहीतरी पडून असेल. अर्धवट राहिलेले शिक्षण, सोडून दिलेली पेटी, नाहीतर कोणाला दिलेला आणि राहून गेलेला शब्द. या दहा दिवसांत ते एकदा खाली काढून धूळ झटकावी, आणि सुरुवात ताशी 20 नेच करावी.

गणपती बाप्पा मोरया!