जॅक लंडनची वही

फ्रीलान्स लिखाण करायचंय, पण भारी लॅपटॉप नाही म्हणून अडलंय? मग जॅक लंडनकडे बघा.

१८७६ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला हा मुलगा गरिबीत वाढला. कारखान्यात राबला, पैशांअभावी कॉलेज सुटलं. सोनं शोधायला क्लोंडाइकला गेला आणि १८९८ मध्ये रिकाम्या हातांनी परतला. मग लिहायला बसला. भांडवल काय, तर ओकलंडच्या सार्वजनिक वाचनालयातली पुस्तकं, टाइपरायटर आणि पोस्टाची तिकिटं. पैशांसाठी त्याने सायकलही गहाण टाकली. लिखाण मात्र सारखं ‘साभार परत’ येत होतं.

त्याचं खरं हत्यार होतं साधी वही. कोणता मजकूर कुठे पाठवला, छापला की परत आला, किती पैसे मिळाले, सगळी नोंद त्यात. परत आलेलं लिखाण तो दुसऱ्या मासिकाला पाठवायचा. १८९९ मध्ये ‘ओव्हरलँड मंथली’ने कथा घेतली, मोबदला अवघा ५ डॉलर! पाठोपाठ ‘ब्लॅक कॅट’ने एका कथेचे ४० डॉलर दिले. १९०३ मध्ये ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ आलं आणि तो जगभर पोचला. तरीही रोज हजार शब्दांचा नेम त्याने सोडला नाही. १९१६ मध्ये, चाळिशीतच तो गेला.

तुमची वही, नाहीतर एक्सेल शीट, आजच उघडा. एक नकार आला, की पुढचा पत्ता तयार हवा!