डोंबिवली स्टेशनचं नाव मिळालेली संख्या आणि देवळालीचे मास्तर

१ हा आकडा सलग नऊ वेळा लिहा: १११११११११. आता या संख्येला तिनेच गुणा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. उलट वाचा, सुलट वाचा, सारखीच!

अशा संख्यांना ‘डेमलो संख्या’ म्हणतात. नाव परदेशी वाटतं ना? पण डेमलो म्हणजे आपलं डोंबिवली. त्या काळच्या जीआयपी रेल्वेवरच्या या स्टेशनवर एका तरुणाला या संख्या सुचल्या. ते होते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कोण होते कापरेकर?

जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. आठव्या वर्षी आई गेली. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये गणितातलं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये पदवी. पुढचं शिक्षण झालंच नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते.

या संख्येत जादू आहे का?

नाही, साधा गुणाकार आहे. नऊ ओळी एकेक घर सरकवून मांडल्या की मधल्या घरात बरोबर नऊ एक येतात. कुठेही हातचा येत नाही, म्हणून पायऱ्या शाबूत राहतात. दहा वेळा १ लिहून वर्ग केला, तर मधल्या घरात दहा होतात, हातचा येतो आणि नक्षी मोडते.

आणखी गंमत म्हणजे या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ होते आणि ८१ ने तिला पूर्ण भाग जातो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटलं, म्हणजे आनंद देणाऱ्या.

आणि ६१७४?

चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. मोठ्यात मोठ्या मांडणीतून लहानात लहान मांडणी वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. उदाहरणार्थ ३५२४:

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

जास्तीत जास्त सात वेळा वजाबाकी करून तुम्ही ६१७४ वरच पोहोचता. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं.

मग कौतुक झालं का?

फारसं नाही. त्यांच्याकडे मोठी पदवी नव्हती आणि अनेक गणितज्ञांना हा पोरखेळ वाटायचा. तरी ते परिषदांना जात राहिले, पुस्तिका स्वतःच छापत राहिले. निवृत्तीनंतर, १९६६ मध्ये पत्नी वारली. पेन्शन पुरत नव्हती, म्हणून गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या.

मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं आणि जगभर नाव झालं. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये देवळालीत त्यांचं निधन झालं.

आज जगभर ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. यातलं बहुतेक गणित चौथीतलं मूलही करू शकतं: बेरीज, वजाबाकी, गुणाकार. घरात असं मूल असेल, तर आज त्याच्या हातात कागद-पेन्सिल द्या आणि ६१७४ पर्यंत जायला सांगा.