संत फ्रान्सिस डी सेल्स : दंडाच्या भीतीतून प्रीतीकडे



२४ जानेवारीला ख्रिस्तसभा संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा सण साजरा करते. लेखक व पत्रकारांचे आश्रयदाते म्हणून आपण त्यांना ओळखतो. नागपूरचे कॅथेड्रल त्यांच्याच नावाने आहे. परंतु आपण नरकातच जाणार, या भीतीने तरुणपणी या संताची झोप उडाली होती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

फ्रान्सिस यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजी सॅव्हॉय प्रांतात, एका सरदार घराण्यात झाला. शिक्षणासाठी ते पॅरिसला येशूसंघीय धर्मगुरूंच्या महाविद्यालयात गेले. कोणाचे तारण होणार आणि कोणाचा नाश, हे देवाने अगोदरच ठरवले आहे का, यावर त्या काळी मोठा वाद चालला होता. तो वाद फ्रान्सिस यांच्या मनात खोल रुतला. आपण नाश होणाऱ्यांपैकीच आहोत, असे त्यांना वाटू लागले. १५८६ च्या अखेरीस, एकोणिसाव्या वर्षी, त्यांना अन्न गोड लागेना. शरीर खंगले. सुमारे सहा आठवडे हा छळ चालला.

अखेर ते एका चर्चमध्ये गेले आणि पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे त्यांनी गुडघे टेकले. त्यांनी देवाशी कसलाही सौदा केला नाही. पुढे काहीही होवो, निदान या आयुष्यात तरी देवावर मनापासून प्रीती करता यावी, एवढेच मागितले. मग मरियेची प्रार्थना म्हणून ते उठले, तेव्हा मनावरचे ओझे उतरले होते. वादाचा निकाल लागला नव्हता. पण आपण प्रेमळ पित्याच्या हाती आहोत, हे त्यांना उमगले होते.

१५९३ मध्ये ते धर्मगुरू व १६०२ मध्ये जिनिव्हाचे बिशप झाले. भीतीचा दाह स्वतः भोगल्यामुळे पापनिवेदनाला येणाऱ्यांशी ते फार सौम्यतेने वागत. पाप घडले तर स्वतःवर चिडत बसू नये, शांतपणे उठून पुन्हा देवाकडे वळावे, अशी त्यांची शिकवण होती. १६०९ साली प्रपंची माणसांसाठी भक्तिजीवनावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ आजही वाचला जातो. २८ डिसेंबर १६२२ रोजी लिऑन येथे ते देवाघरी गेले.

आपल्यातही काही जण वर्षानुवर्षे पापनिवेदनाला जात नाहीत. पापाची त्यांना पर्वा नसते असे नाही. देवाने आपल्याला केव्हाच टाकले, असे त्यांच्या मनाने घेतलेले असते. घरात, शेजारी असे कोणी असेल, तर त्याला दोष देऊ नका. फ्रान्सिस यांची ही कथा त्याला सांगा. ख्रिस्ताने दंड स्वतःवर घेतला आहे. आपल्याला फक्त उठून पित्याकडे परत जायचे आहे.

संत फ्रान्सिस डी सेल्स, आम्हासाठी विनंती कर.