फ्रँक मिलबर्न हाउलेट

फ्रँक मिलबर्न हाउलेट (जन्म : १८७७, वायमंडम, नॉरफोक, इंग्लंड, मृत्यू : ऑगस्ट १९२०, मसुरी) हे ब्रिटिश भारतातील कीटकशास्त्रज्ञ होते. बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत त्यांनी कीटकांच्या वर्तनावर संशोधन केले. मिथिल युजेनॉल या सुगंधी रसायनाकडे काही जातींच्या फळमाशांचे नर तीव्रतेने आकर्षित होतात, हा त्यांचा शोध विशेष महत्त्वाचा मानला जातो. आंबा, पेरू, पीच इत्यादी फळबागांमध्ये फळमाशीची टेहळणी व नियंत्रण करण्यासाठी आज जगभर वापरले जाणारे गंध सापळे याच शोधावर आधारलेले आहेत.

प्रारंभिक जीवन

हाउलेट यांचा जन्म इंग्लंडच्या पूर्व भागातील नॉरफोक परगण्यात वायमंडम या गावी झाला. त्यांचे उच्च शिक्षण केंब्रिज विद्यापीठाच्या क्राइस्ट्स कॉलेजमध्ये झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते भारतात आले आणि पुढील सर्व संशोधन त्यांनी येथेच केले.

पुसा येथील संस्था

१९०५ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत तत्कालीन दरभंगा जिल्ह्यातील पुसा येथे कृषी संशोधन संस्थेची स्थापना झाली. अमेरिकन उद्योगपती हेन्री फिप्स यांनी दिलेल्या ३०,००० पौंडांच्या देणगीचा या कामी मोठा उपयोग झाला. संस्थेच्या कीटकशास्त्र विभागाचे प्रमुख हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय हे होते आणि हाउलेट त्यांच्या हाताखाली दुय्यम इंपीरियल कीटकशास्त्रज्ञ या पदावर काम करीत. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियन इन्सेक्ट लाइफ’ या लेफ्रॉय यांच्या बृहद्ग्रंथासाठी हाउलेट यांनी साहाय्य केले. त्यातील डिप्टेरा गणाचा, म्हणजे माशा, डास, चिलटे अशा दोन पंखांच्या कीटकांचा भाग त्यांनी लिहिला. भारतातील कीटकांची समग्र ओळख करून देणाऱ्या आरंभीच्या ग्रंथांत या ग्रंथाची गणना होते.

पुढे माणसांच्या व जनावरांच्या रोगांशी संबंधित कीटकांच्या अभ्यासासाठी वेगळे पद निर्माण झाले आणि हाउलेट यांची त्यावर नेमणूक झाली. त्यामुळे डास, वालुमाशी व रक्त शोषणाऱ्या इतर माशा हे त्यांच्या अभ्यासाचे मुख्य विषय बनले. फळमाशीवरील त्यांचे काम या नेमून दिलेल्या विषयांच्या काहीसे बाहेरचे होते.

उद्दीपन आणि प्रतिसाद

त्या काळी उपयोजित कीटकशास्त्राचा भर किडीची ओळख पटविणे, तिचा जीवनक्रम नोंदविणे आणि विषारी फवारणी किंवा हाताने वेचणी यांसारखे उपाय सुचविणे यांवर असे. हाउलेट यांचे कुतूहल निराळ्या प्रश्नांभोवती होते. डासाला माणूस कसा सापडतो, माशी अंडी घालण्याची जागा कशी निवडते आणि यांत वास, उष्णता व ओलावा यांचा वाटा किती, असे प्रश्न त्यांनी प्रयोगाच्या कक्षेत आणले.

डासांच्या चावण्यावर तापमानाचा कोणता परिणाम होतो, यासंबंधीचा त्यांचा निबंध १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. मादी डास उष्ण पृष्ठभागाकडे ओढली जाते, हे त्यांनी त्यात दाखविले. वालुमाशीची अंडी व अळ्या कोणत्या जागी आढळतात, याचाही त्यांनी शोध घेतला. कीटकाचे वर्तन ठरावीक उद्दीपनांवर अवलंबून असेल, तर ते उद्दीपन ओळखून त्याच कीटकाविरुद्ध वापरता येईल, हे या सर्व कामामागील सूत्र होते.

सिट्रोनेला तेलाचे निरीक्षण

फळमाशीसंबंधीचा शोध एका किरकोळ गैरसोयीतून लागला. पुसा येथे हाउलेट यांच्या शेजारी राहणाऱ्या गृहस्थांनी डास दूर राहावेत म्हणून सिट्रोनेला तेल वापरले. हे तेल गवती चहाच्या प्रजातीतील एका सुगंधी गवतापासून काढतात. तेल वापरल्यावर मात्र दुसऱ्याच माशा त्यांच्याभोवती मोठ्या संख्येने घोंगावू लागल्या. हाउलेट यांनी त्या तपासल्या, तेव्हा त्या फळमाशा निघाल्या. त्या वेळी या माशांचा समावेश डॅकस या प्रजातीत करीत असत.

त्याहून अधिक विचार करायला लावणारी बाब म्हणजे तेलाकडे आलेल्या सर्व माशा नर होत्या. फळाचे नुकसान मादीमुळे होते. ती फळाच्या सालीत अंडनलिका खुपसून आत अंडी घालते, अंड्यांतून निघालेल्या अळ्या गर खातात आणि पूर्ण वाढ झाल्यावर फळातून बाहेर पडून मातीत कोषावस्थेत जातात. खाद्याच्या किंवा अंडी घालण्याच्या जागेच्या शोधात माशा तेलाकडे येत असत्या, तर त्यांत माद्याही सापडायला हव्या होत्या. त्यामुळे या वासाचा संबंध मिलनाशी असावा आणि मादीच्या गंधाशी साधर्म्य असल्यामुळे नर त्याला भुलत असावेत, असे अनुमान त्यांनी मांडले. हे निरीक्षण १९१२ मध्ये लंडनच्या एंटोमॉलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

मिथिल युजेनॉल

सिट्रोनेला तेल हे अनेक रसायनांचे मिश्रण असते. त्यांतील कोणता घटक माशांना खेचतो, हे शोधण्यासाठी हाउलेट यांनी निरनिराळे घटक व त्यांच्याशी रासायनिक साम्य असलेली द्रव्ये तपासली. १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी मिथिल युजेनॉल हा प्रभावी घटक असल्याचे दाखविले. लवंगेच्या तेलातील युजेनॉलशी त्याचे जवळचे नाते आहे. सर्व जाती एकाच द्रव्याला सारखा प्रतिसाद देत नाहीत, हेही त्यांच्या ध्यानात आले. रेणूच्या रचनेत थोडा बदल झाला, तरी एक जात ओढली जाते आणि दुसरी उदासीन राहते.

ही दुसरी नोंद पुढे व्यवहारात फार महत्त्वाची ठरली. आंब्यावरील फळमाशी (बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस) आणि पीचवरील फळमाशी (बॅक्ट्रोसेरा झोनाटा) यांचे नर मिथिल युजेनॉलकडे येतात. कारले, दोडका, काकडी अशा वेलवर्गीय पिकांवरील फळमाशीसाठी मात्र क्यू-ल्युअर हे वेगळे द्रव्य वापरावे लागते, तर भूमध्य सागरी फळमाशीसाठी ट्रायमेडल्युअर. सापळ्यात चुकीचे आमिष असेल, तर बागेत कीड असूनही सापळा रिकामा राहतो.

मृत्यू

ऑगस्ट १९२० मध्ये मसुरी येथे हाउलेट यांचे निधन झाले. त्या वेळी ते त्रेचाळीस वर्षांचे होते. १९३४ च्या बिहार भूकंपात पुसा येथील संस्थेच्या इमारतीची मोठी हानी झाली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला हलविण्यात आली. भारतीय कृषी संशोधन संस्था या नावाने ती आज ओळखली जाते. तिचा दिल्लीतील परिसरही पुसा याच नावाने प्रसिद्ध आहे.

शोधाचा पुढील प्रवास

हाउलेट यांच्या हयातीत या शोधाचा मोठ्या प्रमाणावर उपयोग झाला नाही. त्याचे व्यावहारिक मोल दुसऱ्या महायुद्धानंतर प्रकर्षाने लक्षात आले. आशियातील बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस ही माशी हवाई बेटांवर पोहोचल्याचे १९४६ मध्ये आढळले. नव्या प्रदेशात ती वेगाने पसरली आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीतील फळबागांनाही धोका निर्माण झाला. हवाईमध्ये काम करणारे अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ लॉरेन स्टायनर यांनी मिथिल युजेनॉलच्या प्रत्यक्ष चाचण्या घेऊन १९५२ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

यातून नर निर्मूलन तंत्र विकसित झाले. मिथिल युजेनॉल आणि नॅलेड हे कीटकनाशक यांच्या मिश्रणात भिजवलेले फायबरबोर्डचे चौकोनी तुकडे ठरावीक दिवसांच्या अंतराने सर्वत्र टाकायचे, नर त्यांवर येऊन मरतात आणि जोडीदार न मिळाल्याने माद्यांची अंडी फलित होत नाहीत, असे या तंत्राचे स्वरूप आहे. पॅसिफिक महासागरातील मारियाना द्वीपसमूहातील रोटा बेटावर विमानातून असे तुकडे टाकून ही माशी नाहीशी करण्यात आली. या मोहिमेचा अहवाल १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. जपानच्या दक्षिणेकडील बेटांवरही हे तंत्र वापरण्यात आले. ओगासावारा बेटांवर वंध्य नर सोडण्याच्या तंत्राचा आधार घेतला गेला आणि १९८६ पर्यंत जपानमधून या माशीचे उच्चाटन झाले.

आक्रमक फळमाशा आणि टेहळणी

फळांची वाहतूक वाढत गेली, तशा आशियातील फळमाशा इतर खंडांतही पोहोचल्या. हाउलेट यांनी पुसा येथे अभ्यासलेली बॅक्ट्रोसेरा झोनाटा विसाव्या शतकाच्या अखेरीस मॉरिशस, रियुनियन व इजिप्त येथे आढळली. २००३ मध्ये केनियात एका नव्या फळमाशीची नोंद झाली आणि २००५ मध्ये तिचे वर्णन बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडन्स या नावाने करण्यात आले. पुढे ती बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिसच असल्याचे मान्य झाले. तोपर्यंत ती आफ्रिकेतील अनेक देशांच्या आंबा बागांत पसरली होती.

अशा आक्रमणाचा सामना करताना वेळेला सर्वाधिक महत्त्व असते. फळात अंडी घातली गेल्याचे बाहेरून सहज दिसत नाही आणि अळ्या दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून बंदरे, विमानतळ आणि बागायती प्रदेश यांच्या परिसरात गंध सापळ्यांचे जाळे उभारून ते नियमित तपासले जातात. कीडमुक्त प्रदेशात सापडलेला एकच नरही धोक्याची सूचना मानला जातो. त्यानंतर सापळ्यांची संख्या वाढविणे, फळांची वाहतूक रोखणे आणि गरज भासल्यास नर निर्मूलन हाती घेणे, अशी पावले उचलली जातात.

महाराष्ट्रातील वापर

भारतात या माशा परक्या नसून मूळच्याच आहेत. त्यामुळे येथे भर समूळ उच्चाटनापेक्षा प्रादुर्भाव कमी राखण्यावर असतो. कोकणातील हापूस आंब्याच्या बागांत फळे पक्वतेला येताना फळमाशीचा उपद्रव वाढतो. दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक’ सापळा मिथिल युजेनॉलच्या आमिषावरच चालतो. शेतकऱ्यांच्या बोलीत अशा साधनांना सरसकट कामगंध सापळे म्हणतात.

फळमाशीचा प्रश्न निर्यातीशीही निगडित आहे. भारतातून आलेल्या मालात फळमाशीसह इतर किडी आढळल्यामुळे युरोपीय संघाने मे २०१४ पासून भारतीय आंब्याच्या आयातीवर बंदी घातली. ऐन हंगामात आलेल्या या बंदीचा फटका हापूस उत्पादकांना बसला. प्रक्रिया व तपासणीची व्यवस्था सुधारल्यानंतर जानेवारी २०१५ मध्ये ती उठविण्यात आली. निर्यातीपूर्वी फळांवर उष्णजल किंवा उष्ण बाष्प प्रक्रिया करून अंडी व अळ्या मारल्या जातात. उष्णजल प्रक्रियेत फळे ४८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ६० मिनिटे ठेवतात.

मर्यादा आणि नंतरचे संशोधन

सापळ्यात केवळ नर येतात, ही गोष्ट हाउलेट यांच्या पहिल्याच निरीक्षणात नोंदली गेली होती आणि या पद्धतीची मुख्य मर्यादाही तीच आहे. एक नर अनेक माद्यांशी संग करू शकतो. त्यामुळे थोडे नर उरले, तरी पुढची पिढी निर्माण होते. आधीच फलित झालेल्या माद्या बागेत अंडी घालीत राहतात आणि शेजारच्या बागांतूनही माद्या येतात. म्हणून एकट्या शेतकऱ्याने लावलेल्या थोड्या सापळ्यांतून किडीचा अंदाज मिळतो, पण पुरेसे संरक्षण मिळेलच असे नाही. संपूर्ण परिसरातील बागायतदारांनी एकाच वेळी सापळे लावणे, गळलेली व किडलेली फळे वेचून खोल पुरणे, झाडाखालची माती हलवून कोष उघडे पाडणे आणि माद्यांनाही आकर्षित करणारे प्रथिनयुक्त विषारी आमिष वापरणे, हे उपाय एकत्र योजावे लागतात.

नर या वासाकडे का येतात, याचे हाउलेट यांनी मांडलेले स्पष्टीकरण पुढे बदलले. मिथिल युजेनॉल तुळशीसह अनेक वनस्पतींत आढळते. नर ते खातात, शरीरात त्याचे रूपांतर करून गुदग्रंथीत साठवितात आणि मिलनाच्या वेळी तेच द्रव्य मादीला आकर्षित करण्यासाठी सोडतात. असे द्रव्य मिळालेल्या नरांना जोडीदार मिळण्याची शक्यता वाढते, असे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संशोधनातून दिसून आले. म्हणजे मिथिल युजेनॉल हे मादीच्या गंधाची नक्कल नसून नराच्या स्वतःच्या गंधाचा कच्चा माल आहे. त्यामुळे काटेकोर अर्थाने त्याला कामगंध म्हणता येत नाही. वासाचा संबंध मिलनाशी आहे, हा हाउलेट यांचा मूळ तर्क मात्र योग्य ठरला.

महत्त्व

कीटकाच्या एका विशिष्ट जातीला रासायनिक गंधाने बोलावून घेता येते, हे दाखविणाऱ्या आरंभीच्या प्रयोगांत हाउलेट यांच्या कामाचा समावेश होतो. रेशीम पतंगाच्या मादीचे कामगंध द्रव्य वेगळे करून त्याची रचना निश्चित करण्याचे काम जर्मनीत १९५९ मध्ये पूर्ण झाले. हाउलेट यांचे निबंध त्याच्या चार दशकांहून अधिक काळ आधीचे आहेत. संपूर्ण झाडावर विष फवारण्याऐवजी आमिष व विष एकाच लहान जागी ठेवण्याची पद्धत या शोधामुळे शक्य झाली. त्यामुळे फळांवर विषाचा थेट संपर्क टळतो आणि मधमाश्यांसारख्या उपयुक्त कीटकांनाही कमी धोका पोहोचतो.