मुखवटा घालून कुस्ती खेळणारा डॉक्टर, ज्याने जगाला वेदनेकडे बघायला शिकवलं

दिवसा मेडिकलचा अभ्यास आणि रात्री मुखवटा घालून कुस्ती. सिनेमाची स्टोरी वाटते ना? पण हा माणूस खरा होता. नाव जॉन बोनिका.

जन्म 1917 चा, सिसिलीजवळच्या फिलिकुडी बेटावर. घरचे अमेरिकेत आले, वडील लवकर गेले. शिक्षणाचा खर्च पोराने कुस्त्या मारून भागवला. रिंगणात तो 'मास्क्ड मार्व्हल' होता.

दुसऱ्या महायुद्धात बोनिका वॉशिंग्टन राज्यातल्या लष्करी हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होते. तिथे त्यांना एक गोष्ट खटकली. सैनिकांच्या जखमा भरायच्या, पण दुखणं जायचं नाही. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायात कळा यायच्या. वैद्यकीय पुस्तकांत यावर मोजकीच पानं होती. मग 1953 साली त्यांनी स्वतःच वेदनेवर जाडजूड ग्रंथ लिहिला.

मुद्दा सोपा होता. हाड मोडलं, ऑपरेशन झालं की दुखतं. ही तात्पुरती वेदना, म्हणजे शरीराची धोक्याची घंटा. जखम भरली की घंटा थांबते. पण दुखणं तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं, की ती जुनाट वेदना. इथे कधीकधी जखम बरी होते, तरी घंटा वाजतच राहते. मज्जासंस्थाच जास्त संवेदनशील झालेली असते.

म्हणूनच औषधही बदलतं. मॉर्फिनसारखी ओपिऑइड औषधं ऑपरेशननंतर थोडे दिवस किंवा कॅन्सरच्या वेदनेत मोठा आधार देतात. पण जुनाट कंबरदुखीवर ती वर्षानुवर्षं घेतली, तर शरीराला सवय होते, डोस वाढतो आणि व्यसनाचा धोका उभा राहतो. बोनिकांनी त्यावर वेगळी वाट काढली. भूलतज्ज्ञ, सर्जन, मानसोपचारतज्ज्ञ आणि इतर डॉक्टरांनी मिळून एकाच पेशंटला तपासायचं. आजच्या पेन क्लिनिकचा पाया तो हाच.

1973 साली त्यांच्याच पुढाकाराने जगभरातले वेदना अभ्यासक एकत्र आले आणि त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली.

आणि स्वतः बोनिका? कुस्तीतल्या दुखापतींनी त्यांना आयुष्यभर छळलं. अनेक ऑपरेशनं झाली, तरी दुखणं सुटलं नाही. 1994 साली ते गेले.

त्यामुळे घरात कुणी महिनोन्‌महिने दुखतंय म्हणत असेल, तर त्याला नाटक समजू नका. आणि ओपिऑइड गोळ्या चालू असतील, तर त्या डॉक्टरांना न विचारता वाढवू नका, अचानक बंदही करू नका.