विश्वास टाकणारा राजा



गेल्या पावसाळ्यातली एक गोष्ट आधी सांगून टाकतो. रविवारची सकाळची मिस्सा संपली होती. पाऊस थांबून थांबून येत होता. आपल्या चर्चच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून एका कुटुंबाने निळा प्लास्टिकचा कागद बांधला होता. नवरा, बायको, एक म्हातारी आणि तीन मुले. तीन दगडांची चूल मांडली होती, पण ओली लाकडे पेटत नव्हती. आपल्यापैकी पुष्कळांनी थांबून चौकशी केली. कुणी घरून भाकरी आणि आमटी आणून दिली, कुणी मुलांना जुने स्वेटर दिले. आम्हीही तांदूळ पाठवले. मनाला बरे वाटले.

संध्याकाळी मात्र आम्ही वॉचमनला बोलावून सांगितले की आज गेटला आतून कुलूप लाव आणि व्हरांड्यातली बाकडी आत घे. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहिले तर ते कुटुंब निघून गेले होते. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि आपला व्हरांडा कोरडा आणि रिकामा होता. त्या माणसांची नावेसुद्धा आम्ही विचारली नव्हती.

ती रात्र अजून मनातून जात नाही. आपण त्यांना अन्न दिले, पण त्यांच्यावर विश्वास टाकला नाही. आपल्या मराठीत देवावर ठेवायचा आणि माणसावर ठेवायचा तो विश्वास एकाच शब्दाने सांगितला जातो. दर रविवारी मिस्सेत आपण उभे राहून पहिला विश्वास मोठ्याने जाहीर करतो. दुसऱ्याची परीक्षा गेटवर होते. त्या परीक्षेत आम्ही नापास झालो, हे कबूल करूनच आज आपल्याच कोल्हापुरातल्या एका थोर माणसाचे चरित्र आपल्यापुढे ठेवत आहोत. त्यांचे नाव राजर्षी शाहू छत्रपती.

महाराजांची तसबीर आपल्या शाळांत, कचेऱ्यांत, बँकांत सगळीकडे आहे. ती इतकी ओळखीची झाली आहे की आपण तिच्याकडे पाहायचेच विसरलो आहोत. ते ख्रिस्ती नव्हते. पण प्रभू येशूच्या दाखल्यात जखमी वाटसरूपाशी थांबणारा शोमरोनीदेखील आपल्या माणसांतला नव्हता. प्रभूने तोच नमुना म्हणून पुढे ठेवला, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. यशवंतराव अवघे तीन वर्षांचे नव्हते तोच आई गेली. १८८४ च्या मार्च महिन्यात कोल्हापूरच्या राणी आनंदीबाईसाहेब यांनी त्यांना दत्तक घेतले आणि दहाव्या वर्षाच्या आतच ते कागलच्या वाड्यातून कोल्हापूरच्या राजवाड्यात आले. दोन वर्षांनी वडीलही वारले. पुढे राजकोट आणि मग धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले. धारवाडला फ्रेजरसाहेब त्यांचे गुरू होते. राजवाडा, नोकरचाकर, हत्तीघोडे सगळे असूनही या मुलाने आईबापाविना वाढणे म्हणजे काय ते लहानपणीच अनुभवले होते. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी राज्यकारभार हाती घेतला.

कारभार हाती येऊन दोन वर्षे झाली तोच १८९६ साली पावसाने दगा दिला. दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, धान्याचे भाव चढले, जनावरे विकायची वेळ आली. माणसे बायकामुलांना घेऊन गाव सोडू लागली. घर असलेला शेतकरी बघता बघता बेघर होतो, हे तरुण राजाने स्वतः खेडोपाडी फिरून पाहिले. त्यांनी व्यापाऱ्यांना बिनव्याजी रकमा देऊन बाहेरून धान्य आणवले आणि स्वस्त धान्याची दुकाने उघडली. जनावरांच्या चाऱ्यासाठी संस्थानची जंगले मोकळी केली. रस्ते, विहिरी, तलाव यांची कामे काढून हाताला काम दिले. ज्यांना काम करणे शक्य नव्हते अशा म्हाताऱ्या, अपंग आणि निराश्रित माणसांसाठी निराधार आश्रम काढले. दुष्काळी कामावर येणाऱ्या आया तान्ह्या मुलांना उन्हात धुळीत ठेवून खडी फोडत. त्या मुलांसाठी कामाच्या जागीच सांभाळायची सोय केली. शंभरहून अधिक वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे.

दुष्काळापाठोपाठ प्लेग आला. प्लेगमध्ये गाव खाली करून माळावर, शेतात झोपड्या घालून राहावे लागे. वाड्यात राहणारे आणि पडवीत राहणारे, सगळेच काही महिने कुडाच्या झोपडीत आले. आपल्यापैकी काहींच्या घरी पणजीच्या तोंडून आलेल्या त्या आठवणी अजून असतील. बेघर माणूस म्हणजे कुणी वेगळ्या जातीचा प्राणी नव्हे. त्याच्या आणि आपल्यामध्ये एका आजाराचे, एका कोरड्या वर्षाचे किंवा पंचगंगेच्या एका पुराचे अंतर असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांना हे सांगायला नको.

इथपर्यंत महाराजांनी जे केले त्याला आपण दया म्हणू. संत थॉमस अक्वायनस यांनी दयेचा विचार करताना दुसऱ्याचे दुःख स्वतःच्या काळजाला लागणे, असा तिचा अर्थ सांगितला आहे. मराठीत आपण त्याला कळवळा म्हणतो. पण महाराज कळवळ्यापाशी थांबले नाहीत.

त्या काळी रानोमाळ भटकणाऱ्या फासेपारधी कुटुंबांना कुठेच थारा नव्हता. फासे लावून हरणे आणि तितर पकडणे हा त्यांचा पिढीजात धंदा. गाव नाही, शेत नाही, घर नाही. कुठे चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावर. इंग्रज सरकारने १८७१ साली एक कायदा करून काही जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवले आणि १९११ साली तो कायदा देशभर लागू करण्याची तरतूद केली. मूल पाळण्यात असतानाच त्याच्या कपाळी चोर असा शिक्का बसू लागला. कायद्याने तसे ठरवले आणि समाजाने ते मुकाट्याने मान्य केले.

शिकारीच्या निमित्ताने महाराजांचे रानात जाणे-येणे असे. तिथे त्यांचा या लोकांशी संबंध आला. ही माणसे काटक आहेत, रानाची जाणकार आहेत, त्यांची नजर तीक्ष्ण आहे हे त्यांनी पाहिले. पोट भरायचा दुसरा मार्ग मिळाला तर ती चोरीच्या वाटेला जाणार नाहीत, अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी या कुटुंबांना बोलावून घेतले. राहायला जागा दिली, मजुरीची कामे दिली, मुलांच्या शिक्षणाची सोय केली. शहराबाहेर सोनतळीला महाराजांचा कॅम्प होता. तिथल्या पहाऱ्यावर त्यांनी फासेपारधीच नेमले.

बंधू-भगिनींनो, इथे क्षणभर थांबावे. गावाने ज्यांना चोर म्हटले त्यांच्याच हाती राजाने पहारा दिला. नुसते धान्य दिले असते तर ती माणसे धान्य खाऊन पुन्हा रानात गेली असती आणि गावाचा संशयही जागच्या जागी राहिला असता. पहारा दिल्यामुळे त्यांच्या नशिबी प्रथमच आले की कुणीतरी आपल्या भरवशावर झोपतो. आमच्या गेटच्या कुलपाची आठवण आम्हाला इथे होते आणि मान खाली जाते.

ही एखाद्या राजाची लहर नव्हती. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींतील माणसांना त्या काळी ठरल्या वेळी गावकामगारांपुढे जाऊन हजेरी द्यावी लागे. पाहुण्याच्या गावी जायचे तरी चोरी. १९१८ साली महाराजांनी आपल्या संस्थानात ही हजेरीची पद्धत बंद केली. त्याआधी १९०२ साली त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या होत्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा निर्णय घेतला, आणि १९१९ साली अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एका शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. दुष्काळ पुन्हा आला तर माणसे देशोधडीला लागू नयेत म्हणून भोगावती नदीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले. ते त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही, पण त्या पाण्यावर आज आपल्या जिल्ह्यातला ऊस उभा आहे.

गंगाराम कांबळे यांची गोष्ट कोल्हापुरात सर्वांना ठाऊक आहे. सरकारी पागेत काम करणाऱ्या या माणसाला पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी त्यांना भांडवल देऊन चहाचे हॉटेल काढून दिले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, हा प्रश्न होताच. तेव्हा महाराज आपली गाडी त्या हॉटेलापुढे उभी करून स्वतः तिथे चहा घेऊ लागले. बरोबरची मानकरी मंडळी काय करणार? त्यांनाही तो कप हातात धरावा लागला. भांडवल देणे ही मदत झाली. त्या कपातला चहा पिणे हा विश्वास होता.

महाराजांना विरोध पुष्कळ झाला. वेदोक्ताच्या प्रकरणात त्यांचा अपमान झाला. वर्तमानपत्रांतून कडक टीका झाली. घरातही दुःख चुकले नाही. १९१८ साली धाकटे चिरंजीव शिवाजी हे शिकारीत अपघात होऊन ऐन तारुण्यात गेले. तरी हाती घेतलेले काम त्यांनी सोडले नाही. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस. त्यांच्या मागे कोल्हापुरात त्यांचे पहिले स्मारक १९२५ साली उभे राहिले, ते गंगाराम कांबळे आणि त्यांच्या सोबत्यांच्या पुढाकाराने. ज्यांच्यावर राजाने विश्वास टाकला त्यांनीच त्याची आठवण पहिल्यांदा दगडात उभी केली.

जमातींना गुन्हेगार ठरवणारा तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला. कागदावरचा शिक्का पुसला गेला, मनातला अजून पुसायचा आहे. भटकणारे कुटुंब दिसले की आपला हात आपोआप खिशाकडे जातो, एकदा नाणे काढायला आणि एकदा पाकीट चाचपायला.

कुणी म्हणेल, ते राजे होते. त्यांच्यापाशी खजिना होता, हुकूम होता. आपण साधी माणसे, कुणाकुणावर विश्वास टाकणार? आणि उद्या काही चोरीला गेले तर? ही शंका रास्त आहे. आम्ही ती हसण्यावारी नेणार नाही. काही जाईलही. एखादे बाकडे जाईल, एखादी बादली जाईल. पण त्या रात्री आमच्या हातून जे गेले ते बाकड्यापेक्षा मोठे होते. बेथलेहेमात पवित्र मरिया आणि संत योसेफ यांना जागा न देणारा माणूस फार दुष्ट होता असे शुभवर्तमान कुठेही सांगत नाही. कदाचित तोही आमच्यासारखाच सावध असेल. आणि पुढे हेरोदाच्या भीतीने तेच कुटुंब रातोरात मिसर देशात गेले, तेव्हा तिथल्या कुणीतरी या परक्या माणसांना नाव-गाव विचारून दार उघडले असेल, म्हणूनच तो बाळ वाचला. शेवटच्या न्यायाच्या दिवशी प्रभू आपल्याला विचारणार आहे ते परक्याला घरात घेतल्याबद्दल. भिंतीपलीकडे डबा पोचवला, एवढ्या उत्तराने तिथे भागेल असे आम्हाला वाटत नाही.

म्हणून पॅरिश कौन्सिलपुढे आम्ही एक साधा विषय ठेवला आहे. येत्या पावसाळ्यात चर्चच्या मागची शेड रात्री उघडी ठेवावी, तिथे एक दिवा आणि पाण्याचा नळ असावा. आडोशाला येणाऱ्या कुटुंबाची नावे आपल्यापैकी कुणीतरी बसून, चहा घेत घेत विचारून घ्यावीत. मुले शाळेच्या वयाची असतील तर त्यांच्या शाळेची चौकशी करावी, आणि मोठ्या माणसांना आपल्या ओळखीने काम मिळते का ते पाहावे. खर्च फारसा नाही. लागणार आहेत ती रात्री तासभर देणारी माणसे. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर याबद्दल बोलू. ज्यांचा विरोध असेल त्यांनीही अवश्य थांबावे, त्यांचे म्हणणेही ऐकू.

ते कुटुंब आज कुठे असेल, ठाऊक नाही. बाहेर ऊसतोडीवर असेल किंवा दुसऱ्या एखाद्या गावच्या भिंतीला कागद बांधून असेल. त्यांच्यासाठी या आठवड्यात प्रत्येक घरी रोझरीच्या वेळी एक प्रार्थना करावी. आम्हाला त्यांची नावे माहीत नाहीत. प्रभूला माहीत आहेत.

आपला,
धर्मगुरू