घरच्या शाळेतील विद्यार्थिनी

इ. स. १८८३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील रोझेल या लहानशा गावी अठरा वर्षांची एक मराठी मुलगी एक अर्ज लिहीत बसली होती. फिलाडेल्फिया शहरात १८५० साली स्त्रियांसाठी एक वैद्यक महाविद्यालय स्थापन झाले होते, त्याच्या चालकांना हा अर्ज जावयाचा होता. आजवर आपण काय शिकलो, हे अर्जात सांगणे भाग होते. येथेच तिची खरी अडचण होती. कोणत्याही हायस्कुलाचा दाखला तिच्यापाशी नव्हता. थोडे दिवस ती मुंबईत मिशनच्या एका शाळेत गेली होती, एवढाच काय तो शाळेशी तिचा संबंध. बाकीचे सारे शिक्षण घरी झाले होते, आणि तेही एका घरी नव्हे. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशा अनेक गावांतील बिऱ्हाडांत.

तिने यातील काहीही लपविले नाही. प्रवेशाच्या सर्व अटी आपल्याच्याने पुऱ्या होत नाहीत, हे तिने मोकळेपणाने कबूल केले. आपली गोष्ट इतरांहून वेगळी आहे, आपल्या देशातील स्त्रियांना स्त्री वैद्याची फार गरज आहे, तेव्हा आपल्या बाबतीत थोडी सवलत दाखवावी, अशी विनंती तिने केली. या मुलीचे नाव आनंदीबाई गोपाळराव जोशी.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. त्या काळच्या रूढीप्रमाणे नवव्या वर्षी, म्हणजे १८७४ साली, तिचे लग्न झाले. पती गोपाळराव जोशी हे मूळचे संगमनेरचे; ते पोस्टात कारकून होते. वयाने ते तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते आणि त्यांची पहिली पत्नी वारली होती. पत्नीला शिकविण्यास कोणी आडकाठी करू नये, एवढीच अट त्यांनी लग्नाआधी घातली. त्या दिवसांत मुलीकडची माणसे हुंडा, मानपान, देणेघेणे यांच्याच चिंतेत असत. पुस्तकाची अट घालणारा जावई त्यांना चमत्कारिक वाटला असेल, यात नवल नाही.

गोपाळराव होतेही चमत्कारिक. एकदा एखादी गोष्ट मनाने घेतली की ते तिच्यासाठी साऱ्या जगाशी भांडत. पत्नीला संस्कृत शिकवावे, असा त्यांचा प्रथम विचार होता. परंतु लोकहितवादींची शतपत्रे वाचून त्यांचे मत पालटले आणि इंग्रजी शिकविल्यावाचून गत्यंतर नाही, असे त्यांनी ठरविले. त्यांची बदली अलिबागेस झाली तेव्हा यमुनेची आजीही सोबतीस गेली. तेथे घरची शाळा सुरू झाली. कचेरीत जाण्यापूर्वी धडा द्यावयाचा आणि परत आल्यावर तो म्हणून घ्यावयाचा, असा क्रम पडला. आता तिचे नाव आनंदी झाले होते.

ही शाळा गोड नव्हती. धडा झाला नाही, किंवा पुस्तक टाकून मुलगी स्वयंपाकघरात रमली, की गोपाळरावांचा संताप अनावर होई. दहा-अकरा वर्षांच्या त्या मुलीला त्यांनी मारही दिला. गोपाळरावांनी पुढे केवढेही काम केले असले, तरी या वागण्याचे समर्थन कोणासही करता येणार नाही. तिनेही ते विसरून टाकले नाही. परदेशातून पतीला लिहिलेल्या पत्रात त्या जुन्या माराची आठवण तिने स्पष्ट शब्दांत दिली आहे. शिक्षणाबद्दल कृतज्ञता आणि त्या दुःखाची आठवण, ही दोन्ही तिच्या मनात शेजारीशेजारी होती.

घरी शिकण्याची आणखी एक अडचण असे. शाळेतील मुलाला बरोबरीची मुले असतात. आपण पुढे आहोत की मागे, हे त्याला रोज कळते. आनंदीला सोबतीण कोण? कोल्हापुरास आल्यावर गोपाळराव पत्नीला बरोबर घेऊन फिरावयास जाऊ लागले, तर लोक रस्त्यात उभे राहून हसत. मुंबईत ती एकटी शाळेला निघाली, की जाता-येता टोमणे ऐकावे लागत. म्हणजे घरात कडक गुरू आणि दाराबाहेर निंदक! परंतु या सगळ्यात तिला शिकण्याची गोडी लागली, हे विशेष. पोस्टातील नोकरी फिरतीची. गाव बदलले की नवी भाषा कानावर पडे. इंग्रजी धरून सात भाषांशी तिचा परिचय झाला, तो अशा भटकंतीतच.

१८७८ साली एक दुःखद घटना घडली. आनंदीबाईंना मुलगा झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. आईचे वय तेव्हा चौदासुद्धा पुरे नव्हते. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचले असते, असे त्यांना वाटत राहिले. त्या काळी बायका पुरुष डॉक्टरांपुढे दुखणे सांगावयास लाजत, आणि स्त्री डॉक्टर तर जवळजवळ नव्हतीच. आतापर्यंत गोपाळराव शिकवीत म्हणून त्या शिकत होत्या. यापुढे कशासाठी शिकावयाचे, हे त्यांचे त्यांनाच समजले.

याच वर्षी गोपाळरावांनी कोल्हापुराहून अमेरिकेतील वाइल्डर नावाच्या एका मिशनऱ्याला पत्र लिहिले. पत्नीला तेथे शिकविण्याची काही सोय होईल काय, अशी त्यांची पृच्छा होती. वाइल्डरसाहेबांनी धर्मांतराची गोष्ट काढली. ती जोशी दांपत्याला मान्य होण्यासारखी नव्हती. बेत तेथेच संपावयाचा. पण वाइल्डरसाहेबांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला होता. त्याचा एक अंक रोझेल येथील श्रीमती कार्पेंटर या बाईंच्या हाती १८८० साली पडला, तोही दंतवैद्याच्या दारी वाट पाहत बसल्या असताना! दूरदेशीच्या त्या मुलीची हकीकत त्यांच्या मनाला लागली आणि त्यांनी पत्र लिहिले.

तेथून दोघींची पत्रे सुरू झाली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. घरच्या शाळेला हा दुसरा शिक्षक लाभला, असेच म्हटले पाहिजे. गोपाळरावांच्या धाकाखाली पाठ केलेले इंग्रजी आता मनातील गोष्ट सांगण्यासाठी वापरावयाचे होते. आपल्या चालीरीती, बालविवाह, स्त्रियांची स्थिती यांविषयी आनंदीबाई लिहीत, मावशीच्या प्रश्नांना उत्तरे देत. प्रकृती बिघडली, तेव्हा मावशीने सातासमुद्रांपलीकडून औषधे पाठविली. पत्र जाऊन उत्तर येण्यास कित्येक आठवडे लागत. त्यामुळे प्रत्येक वाक्य विचार करून लिहावे लागे. याहून चांगला निबंधाचा तास शाळेत तरी कोठे मिळाला असता?

पुढे कलकत्त्यास थॉर्बर्न या डॉक्टर दांपत्याने फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयाची माहिती सांगितली. दोघांनी जाण्याइतका पैसा नव्हता. तेव्हा आनंदीबाईंनी एकटीने जावे, असे ठरले. बातमी पसरताच आप्त, शेजारी, हिंदू, ख्रिस्ती सारेच नाना शंका काढू लागले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या दिवाणखान्यात त्यांनी इंग्रजीतून भाषण केले आणि एकेका शंकेला उत्तर दिले. हिंदुस्थानात का शिकत नाही, एकटी का जातेस, जातीने वाळीत टाकले तर काय करशील, हेच ते प्रश्न. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा निश्चय त्यांनी बोलून दाखविला. त्या वेळी त्यांना अठरावे वर्ष पुरे होण्यास महिनाभर अवकाश होता. लोकांदेखत हसू झालेल्या मुलीने भरल्या सभेत केलेले हे भाषण म्हणजे घरच्या शाळेची एक परीक्षाच होती.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. मावशी धक्क्यावर आल्या होत्या. त्यानंतर रोझेलला बसून त्यांनी तो अर्ज लिहिला.

अर्ज मान्य झाला. दाखल्याचा आग्रह महाविद्यालयाने धरला नाही. इतकेच नव्हे, तर तीन वर्षांसाठी मिळून सहाशे डॉलरांची शिष्यवृत्तीही दिली. प्रमुख डॉ. रेचेल बॉडली यांनी या विद्यार्थिनीवर माया केली. त्यांच्या पुढे-मागे जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लामबुली याही त्याच महाविद्यालयात शिकत होत्या. आपापल्या देशाचा पोशाख केलेल्या या तिघींचे १८८५ सालचे छायाचित्र आजही पाहावयास मिळते. आनंदीबाई त्यात लुगड्यात आहेत.

एक गोष्ट येथे सांगावयास हवी. मुलींचे पुण्यातील पहिले हायस्कूल, जे हुजूरपागा या नावाने ओळखले जाते, ते १८८४ साली निघाले. आनंदीबाई तेव्हा फिलाडेल्फियात वैद्यकाची पुस्तके वाचीत होत्या. म्हणजे ज्या शाळेचा दाखला त्यांच्यापाशी नव्हता, ती शाळा त्यांच्या शिकण्याच्या वयात पुण्यात अस्तित्वातच नव्हती!

तेथील तीन वर्षे मात्र फार कठीण गेली. बर्फाळ थंडी, धुराने कोंडणारी खोली, सवयीचे अन्न नाही, त्यात घटसर्पाचा आजार. खोकला मागे लागला. घरच्या शाळेत रात्रंदिवस जागलेले शरीर आधीच नाजूक होते. तरीही हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्राविषयी प्रबंध लिहून त्यांनी अभ्यासक्रम पुरा केला. ११ मार्च १८८६ रोजी पदवीदान झाले. एकविसावा वाढदिवस अजून वीस दिवसांवर होता. आदल्या वर्षी अमेरिकेस आलेले गोपाळराव समारंभास हजर होते आणि इंग्लंडहून पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. रमाबाईंचेही शिक्षण आईबापांच्या हाताखालीच झाले होते. तेव्हा त्या सभागृहात घरी शिकलेल्या दोन मराठी स्त्रिया समोरासमोर होत्या.

कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागावर नेमले. ज्या गावी लोक त्यांना पाहून हसले, तेथेच त्या डॉक्टर म्हणून जाणार होत्या. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईस उतरल्या, पण क्षयाने त्यांना पुरते ग्रासले होते. त्यांना पुण्यास नेले. अनेक उपचार झाले, गुण आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच त्या वारल्या. कोल्हापूरच्या त्या विभागात एकाही रोग्याला त्यांनी तपासले नाही.

पुढे काशीबाई कानिटकर यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले. काशीबाईही घरीच वाचावयास शिकल्या होत्या. गोपाळरावांनी आनंदीबाईंच्या अस्थी अमेरिकेस मावशीकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या पुरल्या असून, आनंदीबाईंच्या नावाचा दगड तेथे उभा आहे.